‘एक दुर्गप्रेमी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: राजगड, तांबू आणि मे महिना

‘एक दुर्गप्रेमी’ यांना,

नमस्कार. गेल्या आठवड्यात टाकलेल्या ‘मे महिन्यात सहकुटुंब राजगड’ या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते आधी इथे देतो. नव्याने वाचणाऱ्यांनाही कळू दे.

“मे महिन्यात मुक्या जनावराला गडावर चढवणं ही क्रूरता आहे. तुमच्यासारख्या शहरी हौशी लोकांना ना कुत्र्याची जाण, ना डोंगराची. साडेअकराला उतरायला लागलो असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा कातळ किती तापतो माहीत आहे का? गड आता जागतिक वारसा यादीत आहे, तिथे कुत्री फिरवायची नसतात. पुढच्या वेळी पालखीतून न्या.”

चूक दाखवणाऱ्यांशी माझं वाकडं नाही. पाच-सहा वर्षं हा ब्लॉग लिहितोय, लोकांनी खाली येऊन वाटा दुरुस्त केल्यात, गावांची नावं दुरुस्त केलीत, मी आभार मानलेत. पण एक पद्धत असते. ओळख ना पाळख, आल्या आल्या ‘क्रूरता’? आणि हे सगळं टोपणनावाने. मी माझ्या नावाने लिहितो, फोटो माझ्या घरच्यांचे टाकतो. तुम्ही नाव लिहिलं असतंत तर उत्तराचा सूरही जरा वेगळा आला असता.

एक मान्य करतो. फोटोत आमचा कुत्रा तांबू मोकळा दिसतो, त्यावरून कुणाचाही गैरसमज होईल. साखळी फक्त फोटोपुरती काढली होती, खाली तशी ओळ टाकायला हवी होती. आता टाकली आहे.

आता ‘शहरी हौशी’.

माझा जन्म भोर तालुक्यातला. घर वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि पावसाच्या तोंडाशी परत वर यायचे. आमच्या खाचरात त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, बसायचा, खत मिळायचं म्हणून आजोबा त्यांना धान्य द्यायचे. त्यांची कुत्री मी अंगणातून पाहत मोठा झालोय. गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे, बिबट्याने मान धरू नये म्हणून. परतीचा प्रवास ऐन वैशाखातला असायचा, साहेब. तीच कुत्री, तोच घाट, तेच ऊन. कुणी त्या धनगरांना क्रूर म्हणायला आलं नाही. माझ्या आजोबांना तर पहाटेच्या अंधारात नुसत्या घुंगरांवरून कळायचं की कळप हलला. उन्हं चढायच्या आत पुढची सावली गाठायची आणि उतरतीला पुन्हा निघायचं, हे त्यांचं गणित. दुपारी मेंढरूही हलायचं नाही आणि कुत्रंही. आंब्याखाली माती उकरून, पोट गार जमिनीला लावून पडलेली असायची.

तांबूही तेच करतो. तो काही दुकानातून आणलेला नाही. आमच्या सोसायटीच्या मागे नाल्याकडेला सापडलेलं गावठी पिल्लू आहे, आता चार वर्षांचा. गडावर जाताना करवंदीच्या जाळीखाली त्याने पुढच्या पायांनी वरची कोरडी माती बाजूला सारली, खालची ओलसर लागली तशी बैठक मारली, आणि माझी मुलगी करवंदं तोडून होईपर्यंत उठला नाही. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, तोही नावापुरता. बाकी सगळा कारभार जिभेवर, धापा टाकून. हे मला माहीत आहे. जीभ किती बाहेर आहे, लाळ पातळ आहे की चिकट झाली आहे, हे बघत बघतच मी चालतो. ज्याला कुत्र्याची जाण नाही त्याला हे कुठून सुचणार?

आणि डोंगराची जाण. गुंजवण्याहून चोरदरवाजाची वाट मी मुद्दाम घेतली नाही. शेवटी रेलिंग धरून कातळ चढावा लागतो. माणूस चढेल, कुत्रं काय धरणार? म्हणून पाली दरवाजा. रुंद पायऱ्यांची राजवाट, अंबारीसह हत्ती आत येईल एवढा दरवाजा, असं जिच्याबद्दल सांगतात ती. पहाटे सव्वापाचला पायथा सोडला, आठच्या आत पद्मावती माचीवर होतो. पाणी माणशी तीन लिटर, तांबूचं दोन लिटर वेगळं, त्याचा पसरट डबा वेगळा. गडावरच्या टाक्याला त्याने तोंड लावलेलं नाही, हेही सांगून ठेवतो, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर यायची. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा राजगडावर नेलं तेव्हा आमच्याकडे एक ॲल्युमिनियमचा चंबू होता आणि पायात स्लीपर. तेव्हापासून हा गड मी ओळखतो. तुम्ही मला डोंगर शिकवू नका.

उतरायला साडेअकरा का झाले, हाही एक प्रश्न आहे. मुलीला सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, बघायचं होतं. तिथे वारा असा लागतो की बसलेलं माणूस उठत नाही. बायको म्हणाली बसू थोडं, काकांनी डबे उघडले. घरच्यांबरोबर गेलं की असं होतं, घड्याळ लावून कोण जातं? कातळ तापला होता, हो. मी हाताची पालथी बाजू टेकवून बघत होतो, आणि जिथे टेकवेना तिथे तांबूला कडेच्या गवतातून काढला, दोन ठिकाणी उचलून घेतला. अठरा किलोचं कुत्रं उचलून पायऱ्या उतरून बघा एकदा, मग हौशी म्हणा. खाली ताकवाल्या मावशींनी त्याच्यापुढे पाणी ठेवलं, तो प्यायला, तळवे चाटत बसला आणि झोपला. विषय संपला.

जागतिक वारसा: २०२५ साली बारा किल्ले यादीत गेले, त्यात राजगड आहे, याचा आनंद आम्हालाही झाला. गडावर कायम वस्तीला असलेली कुत्री त्याच्या आधीपासून तिथे आहेत. त्यांनाही तुमचा नियम वाचून दाखवा.

पालखीचं म्हणाल तर टोमणा मारायच्या आधी साताऱ्याला जाऊन यायचं होतं. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला होता असं सांगतात. तेव्हा कुत्रं आणि पालखी यात हसण्यासारखं काय आहे ते मला तरी दिसत नाही. (रायगडावरच्या वाघ्याचा विषय कुणी इथे काढू नये. त्या वादात मला पडायचं नाही, तशा प्रतिक्रिया मी काढून टाकीन.)

यापुढे तुम्हाला उत्तर देणार नाही. नाव लिहून आलात तर बघू.

ता. क. : त्याच लेखाखाली एका ताईंनी विचारलं होतं की त्यांचा पग पाली वाटेने न्यावा का. ताई, मे महिन्यात अजिबात नेऊ नका. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग नीट गार ठेवता येत नाही, आणि त्या पायऱ्यांवर दहानंतर सावली म्हणून नाही. डिसेंबरात जा, तेही उजाडताना निघून नऊपर्यंत वर पोहोचेल असं बघून.