आळशी बाग आणि काकांचे आक्षेप

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की झाडाखालचा पाला न झाडणं म्हणजे डास, साप आणि वाळवीला आवतण. आणि ज्याला मातीत हात घालायचा कंटाळा, त्याने बागेच्या भानगडीत पडूच नये.

कंटाळा मला येतो, त्यात लपवायचं काय? पण रोज पाला झाडायचा, पेटवायचा आणि मग नर्सरीतून खताची पिशवी विकत आणायची, यात कष्ट दिसले तरी शहाणपण दिसत नाही. शिवाय उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय.

ऑक्टोबरच्या उन्हात आंब्याखालचा थर जरा उकरून बघा. वरची पानं कुरकुरीत, त्याखालची ओलसर, जाळी पडलेली, आणि तळाशी चहाच्या चोथ्यासारखी काळी, भुसभुशीत माती. गांडुळं असतात, वाणी असतात. तण फारसं उगवत नाही. दोन हातांवरच्या उघड्या जमिनीला तोवर भेगा पडायला लागलेल्या असतात.

डास पाल्यात वाढत नाहीत, साचलेल्या पाण्यात वाढतात. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून निघून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे खरी काळजी कुंडीखालच्या बशीची. पाल्यात करवंट्या आणि प्लॅस्टिकचे डबे तेवढे राहू देऊ नका. वाळवीसाठी पाला खोडापासून आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचा.

सापाचं मात्र तुमचं बरोबर आहे. दारासमोर, पायवाटेवर, पोरं खेळतात तिथे झाडूनच ठेवावं, आणि पाल्यात हात घालण्याआधी काठीने हलवून घ्यावं. पण कोपऱ्यात रचलेल्या विटा-लाकडं आणि त्यातले उंदीर आधी हलवा; साप येतो तो त्यांच्यासाठी.

'गुलाबाशिवाय बाग कसली?' असंही तुम्ही विचारलंय. हौस असेल तर जरूर लावा. छाटणी, फवारणी, मावा, भुरी हे सगळं त्याच्यासोबत येतं, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. माझ्याकडे तेरडा आहे. शेंग तडकली की तो आपलं बी आपणच उधळतो आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवतो. गुलबक्षी कंदातून फुटते. अळू मोरीच्या पाण्यावर पोसलंय, कोकणात परसात असतं तसंच. फक्त रोप भाजीच्या अळवाचंच घ्या, नाहीतर घसा खाजेल.

एका कामात मात्र मी टाळाटाळ करत नाही: शेवग्याची छाटणी. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्याने फांदी मोडली की थेट खालच्या गाडीवर. म्हणून शेंगा संपल्या की पावसाआधी एक दिवस कोयता घेऊन वर चढतोच. त्या फांद्यांचे तीन-चार फुटी तुकडे पावसाच्या तोंडावर लावले की सहज जगतात. हवे असतील तर मे अखेरीला सांगा, बाजूला ठेवतो.