रिद्धपूरच्या विद्यापीठाने आधी पोथ्यांकडे बघावं

आमच्या मोठ्या मावशीकडे देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात लाल बासनात बांधलेली एक पोथी असायची. मावशी हात धुऊन, दंडवत घालून मगच गाठ सोडायची. आत दोन लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये सुटी पानं. लिहिलेलं सकळ लिपीत, म्हणजे महानुभाव पंथाच्या सांकेतिक लिपीत, त्यामुळे मला त्यातला एक शब्दही लागायचा नाही. मावशी गेल्यावर काही वर्षांनी बासन उघडलं. फळ्या धडधाकट होत्या, पानांची मात्र कसरीने चाळण केली होती.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला 2024 साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा मला पहिल्यांदा ती पोथीच आठवली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचं हे गाव. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा चक्रधरांच्या आठवणींचा, म्हणजे लीळांचा, ग्रंथ सिद्ध केला तोही इथेच, तेराव्या शतकात. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून, विचारून त्यांनी एकेक लीळा जमवली. पुढे ती मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी पाठ असलेल्या लीळांवरून ग्रंथ पुन्हा उभा केला. मराठी गद्याचा पाया हा असा, माणसांच्या ध्यानात राहिलेला!

म्हणून मला मनापासून वाटतं, इमारती थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, पोथ्यांचं काम थांबता कामा नये. पहिले कुलगुरू डॉ. अविनाश आवलगावकर स्वतः महानुभाव साहित्याचे अभ्यासक आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं. मठातल्या महंतांपुढे बसायचं कसं, काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे अशा माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. शेवटी सगळं विश्वासावरच चालतं. या पंथाने शतकानुशतकं आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले, मराठी पोथ्या पार पंजाबपर्यंत नेल्या. त्यांच्याकडे ‘जमा करा’ असं पत्र धाडून काही हाती लागणार नाही. पोथी मठातच राहू द्यावी. विद्यापीठाने तिथे जाऊन छायाचित्रं काढावीत, पानं दुरुस्त करून द्यावीत, छायाचित्रांची एक प्रत मठालाही द्यावी.

आणि सकळ लिपी शिकवावी, अगदी पहिल्या वर्षापासून, मोर्शी-चांदूरबाजारच्या पोरापोरींना. पंथातले ग्रंथकार केशिराजबास यांना संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा चक्रधरांनंतरचे पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवलं. त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणाले; म्हणजे संस्कृत न येणाऱ्या म्हाताऱ्या त्याला मुकतील. त्या म्हाताऱ्यांच्या नातींना आज ही पानं वाचता यायला हवीत.

मावशीच्या पोथीची अकरा पानं अजून बरी आहेत. दिवाळीनंतर ती घेऊन रिद्धपूरला जाणार आहे. तिथे कुणी वाचून दाखवलं, तर मावशी रोज काय वाचायची ते मला पहिल्यांदा कळेल.