पगार वाढला, पण प्रशिक्षणामुळेच का?

कौशल्य प्रशिक्षणाचा एक तक्ता अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. डाव्या रकान्यात कोर्सआधीची कमाई, उजव्यात नंतरची, आणि खाली ठळक अक्षरांत ‘उत्पन्न दुप्पट’. सोबत तीन दावे ठरलेले: कमाई आधीपेक्षा वाढली, कोर्स न केलेल्यांपेक्षा केलेले पुढे गेले, आणि बहुतेकांना लगेच नोकरी लागली. प्रशिक्षण मला हवंच आहे, आज आहे त्याहून जास्त हवं आहे. म्हणून त्याचा हिशेब असा मांडलेला पाहवत नाही.

पहिला दावा: कमाई आधीपेक्षा वाढली.

‘आधी’ म्हणजे नेमकं कधी? कंत्राटावर महिना १४ हजार मिळवणारा एखादा मुलगा घ्या. काम सुटतं, तो तीन महिने घरी बसतो, मग कोर्सला नाव घालतो. अर्जात ‘सध्याचं उत्पन्न’ या ओळीत शून्य. कोर्सनंतर १२ हजारांची नोकरी लागते. तक्त्यात शून्याचे १२ हजार झाले. घरात मात्र पूर्वीपेक्षा दोन हजार कमीच येतात. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांना १९७८ मध्ये अमेरिकेतल्या सरकारी प्रशिक्षणार्थींच्या कमाईत हेच दिसलं. कोर्सला येण्याच्या आदल्या वर्षी ती घसरलेली असते. यातले कित्येक जण कोर्स केला नसता तरी सावरलेच असते.

किती सावरले असते, याचं उत्तर रॉबर्ट लालॉन्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासात मिळतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ नावाचा कार्यक्रम झाला. तुरुंगातून सुटलेले, व्यसनातून बाहेर पडू पाहणारे, शाळा सोडलेले तरुण, सरकारी मदतीवर मुलं वाढवणाऱ्या बायका यांना काही महिने काम देऊन कामाची सवय लावायची, असा तो होता. पात्र अर्जदारांतून कोणाला घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. पुरुषांची वार्षिक कमाई १९७५ ते १९७८ मध्ये सरासरी सुमारे २,९०० डॉलरनी वाढली (१९८२ च्या किमतींनुसार). आपला तक्ता इथेच संपला असता. पण चिठ्ठी न निघालेल्यांचीही कमाई सुमारे २,०५० डॉलरनी वाढली होती! कार्यक्रमाच्या पदरात पडले साधारण ८५०.

दुसरा दावा: कोर्स न केलेल्यांपेक्षा केलेले पुढे गेले.

न केलेले म्हणजे कोण, यावर सगळं ठरतं. लालॉन्ड यांनी चिठ्ठीतला गट बाजूला ठेवून देशभरच्या सर्वेक्षणातले सर्वसाधारण पुरुष तुलनेला घेतले. तेव्हा कार्यक्रमातली माणसं वर्षाला १५ हजार डॉलरहून जास्त मागे दिसली. कार्यक्रम तोच, माणसं तीच. वय, शिक्षण, आधीची कमाई यांचा हिशेब धरून दुरुस्त्या केल्या, तरी प्रत्येक रीतीने उत्तर वेगळंच येत राहिलं. आपल्याकडे बहुधा उलटं होतं: स्वतःहून अर्ज करणारी, रोज बस पकडून वेळेवर येणारी मुलगी आणि तिकडे न फिरकलेला मुलगा शेजारी ठेवतात, आणि दोघांतला सगळा फरक कोर्सच्या नावावर टाकतात.

तिसरा दावा: बहुतेकांना लगेच नोकरी.

अर्धवट सोडून गेलेले या टक्केवारीत धरले आहेत का, ते आधी विचारा. शिवाय ‘लगेच’ ही मोजायची वेळच नव्हे. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूवे आणि अँड्रिया वेबर यांनी जगभरातले दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले. रोजगार कार्यक्रमांचा परिणाम पहिल्या वर्षात सरासरी जवळपास शून्य निघाला. तो दिसू लागतो दोन-तीन वर्षांनी.

मग प्रशिक्षण म्हणजे पैशाचा चुराडा, असंही काही जण म्हणतील. तेही खोटं आहे. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये बायकांसाठी सहा महिन्यांचा शिवणकामाचा कोर्स झाला. पुष्कर मैत्रा आणि सुभा मणी यांनी तो तपासला. तिथेही निवड चिठ्ठीसारखीच होती, आणि कोर्स मिळालेल्या बायका कामात असण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ६ टक्के-अंकांनी, म्हणजे शंभरात सहा जणींनी, जास्त निघालं. ‘दुप्पट’पुढे हा आकडा लहान वाटेल, पण तो खरा आहे.

जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त येतात, तिथे हे आपल्यालाही करता येईल. पात्र अर्जांतून सोडत काढा, नंबर न लागलेल्यांचेही फोन नंबर जपून ठेवा, आणि तीन वर्षांनी दोन्ही याद्यांना फोन करा.