बेळगावकडच्या सीमाभागातल्या गावात मराठी साहित्य संमेलन भरवायचंय?

सुगी आटोपली, भात मळून झालं, की रिकाम्या शेतात मांडव घाला. आधी रोलर फिरवून घ्या. नाहीतर धसकटं सतरंजीतून टोचतात, माणसं उठून जातात आणि वक्त्याला वाटतं, आपलं भाषण टोचलं.

पोलीस परवानगीचा अर्ज चांगलं कन्नड येणाऱ्याकडून लिहून घ्या. मराठी वाचवायची तर एवढं कन्नड हवंच.

अध्यक्ष पुण्याचा आणा, गेला बाजार कोल्हापूरचा. बेळगावचा लेखक नको. त्याची पुस्तकं इथं कुणीतरी वाचलेली असतात, उगाच प्रश्न निघतात. पाहुण्याला गाडीतच चिठ्ठी द्या: १९४६, माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचं बेळगावचं संमेलन, १९६७, सीमावादावरचा महाजन आयोगाचा अहवाल, २००४, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला सीमाप्रश्नाचा दावा. यावर पाऊण तास आरामात जातो. ‘आता साहित्याकडे वळू या’ म्हणेपर्यंत पुलावाचा वास सुटलेला असतो.

ग्रंथदिंडी साडेआठची छापा, साडेनऊला निघेल. पालखीत ज्ञानेश्वरी, पुढं लेझीम, मागं भजनी मंडळ, मध्ये नऊवारीतल्या शाळकरी मुली. मराठी शाळेचा पट कमी पडला तर इंग्रजी शाळेतल्या मुली घ्या. त्यात कार्यकर्त्यांच्याच मुली भेटतील. फोटोत माध्यम दिसत नाही.

खरी मेहनत सत्काराला लागते. २५ सत्कार, दर सत्काराला ३ मिनिटं, म्हणजे सव्वा तास. शाल-नारळाचे ५ जोड जादा ठेवा, कारण एखादा देणगीदार ऐनवेळी आठवतोच. तो राहिला की पुढची वर्गणी राहिली. हा सव्वा तास कविसंमेलनातून कापा. कवी तक्रार करत नाहीत, त्यांना पुढच्या वर्षीही यायचं असतं.

स्पीकर माईकच्या पुढं, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. मागं ठेवला तर त्याचाच आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. तरी तो मागंच असतो. वायर तेवढीच आणलेली असते.

कविसंमेलन जेवणानंतर. माणशी २ मिनिटं. समोर खुर्च्या गोळा करणारे गडी असतात, त्यांनाच रसिक म्हणा. शेवटच्या कवीपर्यंत तेच थांबतात.

ठराव नवा लिहू नका. सीमाभाग महाराष्ट्रात सामील करण्याचा गेल्या वर्षीचा कागद काढून साल तेवढं बदला. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झाली असतील, तरी चालतं. वाचणाऱ्याला पाठ असतो.