पोकरसम्राट व्हायचंय? आधी एक मामा गाठा

पोकरमध्ये नाव काढायचं तर पहिली गरज पत्त्यांची नाही, मामाची. एक तारखेला पगार होणारा, बहिणीच्या शब्दाबाहेर नसलेला असा एक मामा हेरून ठेवा. गणपतीच्या आधी त्याच्याकडून 'कोर्सची फी' म्हणून ४५,००० रुपये उसने घ्या आणि रात्रीच्या बसने थेट गोव्याला, मांडवी नदीतल्या कसिनोच्या बोटीवर जा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, आता पोरगं सुटलं, असं मामाला वाटत असतं. मामा भोळाच असतो.

दुसरं, गुरू करा. माझ्या भाच्याने स्टू उंगर हा अमेरिकन पोकरपटू केलाय. जन्म १९५३, न्यूयॉर्कचा, शाळा अर्धवट. १९८० मध्ये, २६व्या वर्षी, लास वेगासला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत डॉयल ब्रन्सनसारख्या मुरलेल्या गड्याला हरवून जिंकला. १९८१ला परत जिंकला. यातला 'शाळा अर्धवट' हा भाग आईसमोर दोनदा सांगावा.

स्मरणशक्तीचा विषय मात्र टाळा. उंगरच्या डोक्यात पडून गेलेला पत्ता न् पत्ता राहायचा. जिन रमीला त्याच्यासमोर बसायला कोणी धजेना, ब्लॅकजॅकच्या टेबलावरून कसिनोवाले त्याला उठवू लागले. आमचे भाचेबुवा मेंढीकोट खेळताना हुकूम कसला ते दर हाताला विचारतात.

चेहरा कोरा ठेवा. पैसे परत कधी देतोस, असं कोणी विचारलं तर अगदीच कोरा.

आता मुख्य मंत्र, उंगरचं १९९७. गेल्या रविवारी भाचा जेवायला आला. सुरमईच्या तीन तुकड्या उडवल्या, सोलकढी दोनदा मागून घेतली आणि हात पुसत मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मामा, हे बघ. पार कंगाल झालेला माणूस, १६ वर्षांनी परत आला आणि तिसऱ्यांदा जिंकला. १० लाख डॉलर! प्रवेशाचे १०,००० पण मित्राने भरलेले. त्याला बॅकर म्हणतात. तू फक्त २०,००० दे."

म्हणजे मी बॅकर! अरे, त्याचे पैसे भरणारा तो मित्र, बिली बॅक्स्टर, स्वतः पट्टीचा जुगारी होता, बक्षिसातला निम्मा वाटा आधी ठरवून बसला होता. माझा वाटा काय, सोलकढीचं रिकामं पातेलं? आणि तुमची ती रील १९९७लाच का संपते? पुढचं वर्ष कोणी बघायचं? ते पैसे काही महिन्यांत ड्रग्जमध्ये आणि सट्ट्यात गेले. १९९८ला बॅक्स्टर पुन्हा पैसे भरायला तयार होता, तर उंगर खेळायलाच बसला नाही. त्याच नोव्हेंबरात लास वेगासच्या एका स्वस्त मोटेलात मेलेला सापडला. वय ४५. जवळ ८०० डॉलर. अंत्यविधीसाठी मित्रांनी वर्गणी काढली. वर्गणी! आपल्याकडे चाळीत काढतात तशी.

आणि माणूस कसला होता! १९९०ला स्पर्धेच्या तिसऱ्या दिवशी हा खोलीत बेशुद्ध पडलेला. रिकाम्या खुर्चीसमोरच्या चिप्स दर फेरीला सक्तीच्या पैजेपोटी कापल्या जात होत्या, तरी नववा आला. बेशुद्ध असून नववा! तू शुद्धीत होतास ना बोटीवर? पहिल्याच रात्री नागवला गेलास.

बास झाली मस्करी. पोरा, आता तुझ्याशीच बोलतोय. काल संध्याकाळी तुझी आई आली होती. भिशी लागली म्हणाली, आणि पाकीट पुढे केलं. "त्याच्या फीचे थोडे थोडे फेडते रे." तिला अजून वाटतंय तू रोज क्लासला जातोस. मी चहा घे म्हणालो. चेहरा कोरा ठेवायला काय लागतं ते मला काल कळलं, गाढवा, तुझ्या त्या उंगरकडून नाही.

ते पाकीट मी उघडलेलं नाही. कपाटात तसंच आहे. या रविवारी मोबाइल घरी ठेवून तिला घेऊन ये, आणि पैसे कुठे गेले ते तुझ्या तोंडाने सांग. तुझी मामी सुरमई करणार नाहीये.