दोन तारे देणाऱ्या ग्राहकाला उत्तर: आमचं ॲप एवढं मोठं का आहे

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं: आमचं अहवाल तयार करण्याचं ॲप म्हणजे खिडकीत बसवलेली वेबसाइट आहे, दुसरं एक ॲप दहा एमबीच्या आत उतरतं आणि आमचं शंभरच्या वर जातं, फोटो असलेला मोठा अहवाल उघडला की मेमरी भरते आणि लॅपटॉप अडखळतो, सारखी अपडेट्स येतात आणि त्यांत नवं काही दिसत नाही, इन्स्टॉल करताना विंडोजने निळी सूचना दाखवली, आणि विंडोज 7 च्या जुन्या संगणकावर ॲप उघडलंच नाही.

आकाराबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. तो निर्णय आम्ही विचार करून घेतलाय आणि आजही तोच घेऊ. ॲप इलेक्ट्रॉनवर बांधलंय. इलेक्ट्रॉन म्हणजे क्रोमियम (क्रोम ब्राउझरच्या मुळाशी असलेलं इंजिन) आणि नोड.जेएस (जावास्क्रिप्ट कोडला संगणकातल्या फाइलींपर्यंत पोहोचू देणारी यंत्रणा) यांची जोडणी आहे. 2013 मध्ये गिटहब या कंपनीत ॲटम या कोड लिहिण्याच्या एडिटरसाठी ती सुरू झाली. व्हिज्युअल स्टुडिओ कोड, स्लॅक आणि सिग्नलची डेस्कटॉप ॲप्सही तिच्यावरच चालतात. यात प्रत्येक ॲप स्वतःचं इंजिन सोबत आणतं. तुम्ही जे डाउनलोड केलंत त्यातला बहुतेक भाग हे इंजिनच आहे, आमचा कोड त्यामानाने किरकोळ.

वेब तंत्रज्ञानावरचं ॲप दहा एमबीत बसत असेल, तर ते इंजिन आणत नाही, संगणकात असलेलं वापरतं. टॉरी ही ॲप बांधण्याची चौकट तसंच करते: विंडोजवर वेबव्ह्यू2, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू, लिनक्सवर वेबकिटजीटीके. टॉरी चांगली आहे. मोजक्या खिडक्यांचं, सेटिंग्ज आणि याद्यांचं ॲप करायचं असेल तर आम्हीही तीच निवडू. पण तिथे एकाच ॲपखाली तीन वेगळी इंजिनं येतात आणि त्यांच्या आवृत्त्या आमच्या हातात राहत नाहीत. मॅकवरचं इंजिन प्रणालीच्या अपडेट्सबरोबर बदलतं, लिनक्सवरचं त्या त्या वितरणाने (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकाराने) जे दिलं असेल ते.

आमच्या कामात हे चालत नाही. तुम्ही विंडोजवर अहवाल लिहिता, तुमचा सहकारी मॅकवर तपासतो आणि तिसराच कोणी लिनक्सवरून त्याची पीडीएफ काढतो. तिघांच्या पडद्यावर तक्ता त्याच पानावर तुटायला हवा, कारण अनुक्रमणिकेतले पृष्ठक्रमांक आणि ‘पान 42 वरील तक्ता पाहा’ असे उल्लेख त्यावरच अवलंबून असतात. ओळ कुठे मोडायची, जोडाक्षराची रुंदी किती धरायची, तक्त्याची शेवटची ओळ खाली ढकलायची की नाही, याचे निर्णय प्रत्येक इंजिन थोडे वेगळे घेतं. एका ओळीचा फरक दोनशे पानांत वाढत जातो आणि शेवटची प्रकरणं पानभर सरकतात. पानाच्या समासात प्रकरणाचं नाव आणि पृष्ठक्रमांक थेट सीएसएसने (वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेने) छापण्याची सोय क्रोमियममध्ये 131 व्या आवृत्तीत, म्हणजे 2024 च्या अखेरीस आली. आम्ही ती वापरतो. हे करू शकणारं इंजिन प्रत्येकाच्या संगणकावर असेलच, अशी आशा धरून धंदा करता येत नाही. म्हणून इंजिन आणि फॉन्ट दोन्ही आम्ही सोबत देतो.

आता मेमरी, कारण तुम्हाला रोजचा त्रास तिचाच आहे. टास्क मॅनेजरमध्ये आमच्या नावाच्या अनेक प्रक्रिया दिसतात हे खरंय. एक मुख्य, एक ग्राफिक्ससाठी, एकदोन सहायक, आणि खिडक्यांतला मजकूर रंगवणाऱ्या वेगळ्या. ही क्रोमियमचीच रचना आहे. एखादी खिडकी कोसळली तर बाकीचं ॲप आणि तुमची फाइल शाबूत राहावी, हा तिचा एक उद्देश. या रचनेला मूळचीच बरीच मेमरी लागते, रिकाम्या अहवालालाही. संगणकातलं इंजिन वापरून विंडोजवर ती फारशी वाचली नसती, कारण वेबव्ह्यू2 सुद्धा आतून क्रोमियमच आहे आणि त्याच्याही अशाच अनेक प्रक्रिया चालतात. वाचते ती प्रामुख्याने डिस्कवरची जागा.

तुमचा लॅपटॉप अडखळण्यामागे मात्र माझ्या मते फोटो आहेत. 4000 बाय 3000 पिक्सेलचा फोटो जेपेग म्हणून चार-पाच एमबीचा दिसतो. पडद्यावर दाखवण्यासाठी तो पूर्ण आकारात उलगडला, की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात: 1 कोटी 20 लाख गुणिले चार, म्हणजे 48 एमबी. असे वीस फोटो जवळजवळच्या पानांवर असले तर गणित एक जीबीच्या उंबरठ्यावर जातं, मग ॲप कशावरही बांधलेलं असो. यासाठी ‘पाहण्यासाठी लहान प्रती’ हा पर्याय सेटिंग्जमध्ये दिलाय. तो चालू केलात की लिहिताना लहान प्रती दिसतात आणि पीडीएफ काढताना मूळ फोटो वापरले जातात. छपाईच्या दर्जावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. कृपया तो चालू करून तोच अहवाल पुन्हा उघडून बघा.

‘नुसती वेबसाइट’ या शब्दांशी मात्र मी सहमत नाही. ॲपची सगळी पानं तुमच्याच डिस्कवर असतात, नेट बंद करूनही अहवाल लिहिता येतो, पीडीएफ निघते. ज्या खिडकीत तुम्ही टाइप करता तिला फाइलींना थेट हात लावता येत नाही. ती बंदिस्त चालते आणि ‘ही फाइल जतन कर’ अशा मोजक्या विनंत्या मुख्य प्रक्रियेकडे पाठवते. इलेक्ट्रॉनच्या सुरुवातीच्या काळात खिडकीतल्या पानाला नोडची सगळी ताकद आपोआप मिळायची. 2019 च्या पाचव्या आवृत्तीपासून ती मुळातच बंद असते, बाराव्यापासून पानाचा कोड आणि त्याला मुख्य प्रक्रियेशी जोडणाऱ्या पुलाचा कोड वेगळे ठेवले जातात, विसाव्यापासून खिडकी सँडबॉक्समध्येच, म्हणजे बंदिस्त चौकटीतच सुरू होते. हे सगळं आम्ही तसंच ठेवलंय. सोयीसाठी यातलं काहीही सैल करायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे.

याच्याशीच अपडेट्सचा संबंध आहे. इंजिन आम्ही सोबत देतो, म्हणजे त्यातली भोकं बुजवण्याची जबाबदारीही आमचीच. सप्टेंबर 2023 मध्ये लिबवेबपी या चित्र उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघड झाला. मुद्दाम बिघडवलेलं एखादं चित्र नुसतं दाखवल्यानेही हल्ला होऊ शकत होता. ब्राउझर दुरुस्त झाले, पण क्रोमियम पोटात घेतलेल्या प्रत्येक ॲपला स्वतःची नवी आवृत्ती काढावी लागली. तुमच्या अहवालात बाहेरून आलेली चित्रं असतात, तेव्हा हा धोका तुमच्यासाठी पुस्तकी नाही. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती साधारण आठ आठवड्यांनी येते आणि फक्त शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. आम्ही सहा-आठ महिने स्वस्थ बसलो, तर तुमच्या संगणकावर कोणीही दुरुस्त करत नसलेलं इंजिन राहील. ज्या अपडेटमध्ये तुम्हाला काहीच नवं दिसलं नाही, ते बहुतेक याच कारणासाठी आलेलं असतं. यापुढे सूचनेतच ‘सुरक्षा दुरुस्ती’ असं स्पष्ट लिहू. ही कल्पना तुमच्यामुळे सुचली, त्याबद्दल आभार. फक्त आमचा कोड बदलला असेल तेव्हा विंडोजवर बदललेला भागच उतरतो. इंजिन बदललं की डाउनलोड मोठं होतं.

निळी सूचना विंडोजच्या स्मार्टस्क्रीनची आहे. इन्स्टॉलरवर आमची डिजिटल सही असते, तरी नवी फाइल पुरेशा लोकांनी उतरवेपर्यंत ती सूचना येऊ शकते. ती आली तर ‘अधिक माहिती’ दाबा आणि प्रकाशकाचं नाव वाचा. तिथे आमच्या कंपनीचं नाव नसेल, किंवा प्रकाशक अज्ञात असल्याचं लिहिलं असेल, तर फाइल चालवू नका, पुसून टाका आणि आम्हाला कळवा.

विंडोज 7 चं उत्तर छोटं आहे: तिथे चालणारं शेवटचं क्रोमियम 109 वं होतं, आणि इलेक्ट्रॉनने 23 व्या आवृत्तीपासून ती प्रणाली सोडली. जुनं इंजिन घालून वेगळी आवृत्ती काढता आली असती, पण मायक्रोसॉफ्टची आणि क्रोमियमची दोन्हींची दुरुस्ती थांबलेल्या संगणकावर बाहेरची चित्रं उघडणारं ॲप मी विकणार नाही. त्या संगणकासाठी घेतलेल्या परवान्याची रक्कम आम्ही परत करतोय. त्याऐवजी तो परवाना दुसऱ्या संगणकावर हलवायचा असेल तर तसं सांगा.

लहान प्रती चालू करूनही लॅपटॉप अडखळला, तर ‘मदत’ मेनूतून बिघाडाच्या निदानाचा अहवाल आम्हाला पाठवा. त्यात प्रत्येक प्रक्रियेची मेमरी, पानांची संख्या आणि फोटोंचे आकार एवढंच असतं. तुमचा मजकूर किंवा फोटो त्यात जात नाहीत, आणि मूळ फाइल आम्हाला पाठवण्याची गरज नाही.