निष्ठावंताच्या टेबलाशेजारी बसणाऱ्यांसाठी

आधी तुमचं अभिनंदन. अख्ख्या ऑफिसात कानात इयरफोन घालून गप बसायची सोय असताना तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना विचारलंत, "मग, काय म्हणतंय राजकारण?" आता पुढचा पाऊण तास पक्षकार्याला.

घाबरायचं कारण नाही. नीट तयारी केलीत तर हा माणूस बदलेलच. आजवर कुणाला जमलं नाही हे खरं, पण त्या बिचाऱ्यांकडे तुमच्यासारखी एक्सेल शीट कुठे होती?

तर शीट करा. रात्र जागून करा. डावीकडे जाहीरनाम्यातलं वचन, उजवीकडे त्याचं पुढे काय झालं, आणि खाली दोन रंगांत आलेख. सकाळी प्रिंट काढून पुढ्यात ठेवा. ते चष्मा कपाळावर चढवतील, कागद हातभर लांब धरतील आणि विचारतील, "हे छापलंय कुणी?" सरकारी अहवाल आहे म्हणा. "कुठल्या सरकारचा?" तुमच्याच. यावर क्षणभर शांतता. मग कागद पालथा पडेल. "अधिकारी सगळे जुनेच आहेत ना अजून!" संपला तुमचा आलेख. पाठकोरी बाजू मात्र फुकट जात नाही. दुपारी त्यावर पुढच्या निवडणुकीच्या जागांची बेरीज चाललेली दिसेल.

"तेव्हा कुठे होतात?" हा प्रश्न येणारच. जुन्या सरकारातल्या प्रत्येक घोटाळ्याच्या वेळी तुम्ही कुठे होतात आणि निषेध का केला नाहीत, याचा हिशोब द्यावा लागतो. तिसरीत होतो, हे उत्तर ग्राह्य धरत नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला खिशात असू द्या.

आकडे हरले की मानसशास्त्र काढा. १९५१ साली अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या कॉलेजांत फुटबॉलचा एक भलताच धसमुसळा सामना झाला. एकाचं नाक मोडलं, एकाचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथचे जितके नियमभंग डार्टमथच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. हे सगळं रंगवून सांगा. गृहस्थ मन लावून ऐकतील, मान डोलावतील आणि म्हणतील, "अगदी बरोबर. विरोधकांचं असंच असतं. डोळ्यांसमोर असून दिसत नाही."

परवापर्यंत ज्या नेत्याला ते चोर म्हणत होते, तो आज त्यांच्या पक्षात आला असेल, तर तो विषय काढूच नका. वाल्याचा वाल्मीकी व्हायला तपश्चर्या लागली होती. हल्ली गळ्यात उपरणं पडलं की भागतं.

एक खोडसाळ प्रयोग मात्र जरूर करा. विरोधी पक्षाच्या जाहीरनाम्यातला एक परिच्छेद त्यांच्या पक्षाचा म्हणून वाचून दाखवा. "याला म्हणतात दूरदृष्टी!" असं ऐकू आलं की खरं काय ते सांगा. उत्तर तयारच असेल : "म्हणजे आमचंच ढापलं की त्यांनी!" जेफ्री कोहेन या संशोधकाने २००३ साली साधारण असंच काहीसं दाखवून दिलं. धोरणावर आपल्या पक्षाचं नाव असलं की लोकांना ते पटतं, मग ते त्यांच्या एरवीच्या मतांच्या उलट का असेना. आणि नावाचा आपल्यावर काही परिणाम झाला, हे ते मानत नाहीत. (कोहेनच्या प्रयोगात दोन्ही बाजूंचे लोक होते. हा तपशील शीटमध्ये घालायची गरज नाही.)

आता खरी कसोटी. हे गृहस्थ तीन दिवस रजेवर जातील. पहिला दिवस मजेत जातो. दुसऱ्या दिवशी शेजारी तात्पुरता बसवलेला मुलगा तुमच्या प्रश्नावर म्हणतो, "मी राजकारण फॉलो नाही करत." इतका बेजबाबदार माणूस! तिसऱ्या दिवशी तुम्ही न राहवून गृहस्थांना मेसेज टाकता, तब्येत बरी आहे ना? उत्तर म्हणून सात मिनिटांचा व्हिडिओ येतो. वर पक्षाचं चिन्ह, खाली "जरूर बघा, डोळे उघडतील".

पूर्ण बघा. चौथ्या मिनिटाला एक आकडा सपशेल चुकलाय. उघडा शीट.